‘मंथ’ म्हणजे तीस दिवस नव्हेत : एका इंग्रजी कालवाचक शब्दाचा अभ्यास

इंग्रजीतील ‘मंथ’ हा शब्द ज्यास ठाऊक नाही असा शाळकरी विद्यार्थीही आज विरळाच. मंथ म्हणजे महिना, आणि महिना म्हणजे तीस दिवस, ही समजूत प्राथमिक शाळेतील गणितापासून मनात रुजलेली असते. शब्द इतका परिचयाचा असल्यामुळे त्याचा अर्थ कोशात पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. परंतु अवघड शब्दांपेक्षा असे ओळखीचे शब्दच शासकीय व्यवहारात अधिक घोटाळा करतात. अवघड शब्दापाशी माणूस थांबतो, विचारतो. ओळखीचा शब्द मात्र तो न तपासता पुढे नेतो.

नोटीस, अपील, नोंदणी, रजा, करार, सभासदत्व या सर्व बाबी मुदतीवर अवलंबून असतात. मुदत सांगताना कायदा कधी ‘मंथ’ म्हणतो, तर कधी ‘डेज’ म्हणतो. या दोहोंची अदलाबदल झाली की एक-दोन दिवसांचा फरक पडतो, आणि त्या एक-दोन दिवसांत एखाद्या नागरिकाचा हक्क राहतो किंवा जातो. म्हणून या शब्दाचा अर्थ, त्याचा इतिहास आणि त्याचा नेमका उपयोग समजून घेणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या सर्वांनाच अगत्याचे आहे.

शब्दाचे कूळ

‘मंथ’ हा शब्द इंग्रजीतील ‘मून’, म्हणजे चंद्र, या शब्दाचा सख्खा नातलग आहे. आपल्या भाषेतही तोच प्रकार आढळतो. संस्कृतातील ‘मास’ या शब्दाचा संबंध चंद्राशी आहे; ‘चंद्रमस्’ या शब्दात तो स्पष्ट दिसतो. ‘महिना’ हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘माह’ या शब्दाचा अर्थही चंद्र असाच आहे. मंथ, मास आणि महिना हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन भाषाकुळातील असून तिन्ही मूळचे चंद्राचे आहेत.

एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंतचा काळ सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित अधिक असतो. असे बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सौर वर्षापेक्षा हा काळ सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतो. ही तूट भरून काढण्याचे दोन मार्ग निघाले. भारतीय पंचांगाने चंद्र सोडला नाही. त्याने ठरावीक काळाने अधिक मास घातला. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला होता, हे अनेकांच्या स्मरणात असेल. रोमन लोकांनी मात्र ज्यूलिअस सीझरच्या काळात, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, महिन्याची चंद्राशी असलेली गाठ सोडली आणि वर्षाचे दिवस बारा महिन्यांत कमीअधिक वाटून दिले. २८, २९, ३० व ३१ दिवसांचे जे महिने आज जगभर चालतात, त्यांचे मूळ तेथे आहे. शब्द चंद्राचा राहिला. माप मात्र सूर्याचे झाले.

अठ्ठावीस दिवसांचा महिना

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात या शब्दाची मोठी ओढाताण झाली. पंचांगातील महिने कमीअधिक दिवसांचे असल्याने तेथील न्यायालयांनी, निराळा हेतू स्पष्ट नसल्यास, ‘मंथ’ म्हणजे चार आठवडे, अर्थात २८ दिवस, असा अर्थ धरला. चर्चच्या व व्यापारी हुंड्यांच्या व्यवहारात मात्र पंचांगाचा महिना मानला जाई. एकाच देशात, एकाच भाषेत, एकाच शब्दाची दोन मापे चालू होती.

याचा परिणाम काय होत असे, हे अठराव्या शतकातील विधिपंडित विल्यम ब्लॅकस्टोन याने आपल्या इंग्लिश कायद्यावरील प्रसिद्ध भाष्यग्रंथात दाखवून दिले आहे. एखादा भाडेपट्टा ‘ट्वेल्व्ह मंथ्स’साठी, असा अनेकवचनी लिहिला तर तो केवळ ४८ आठवड्यांचा, म्हणजे ३३६ दिवसांचा ठरे. तोच पट्टा ‘अ ट्वेल्व्हमंथ’साठी, असा एकवचनी लिहिला तर तो पूर्ण वर्षाचा मानला जाई. एका अक्षराच्या फरकाने कुळाच्या पदरात २९ दिवस कमी किंवा अधिक पडत. आज हे नवलाचे वाटेल. परंतु त्या कुळाच्या दृष्टीने तो घराचा किंवा शेताचा प्रश्न होता.

ही विसंगती टप्प्याटप्प्याने दूर झाली. १८५० च्या कायद्याने ब्रिटिश संसदेच्या अधिनियमांपुरता ‘मंथ’चा अर्थ पंचांगाचा महिना असा ठरला. करार, दस्तऐवज व मृत्युपत्रे यांच्या बाबतीत तसे ठरावयास १९२५ चा मालमत्ताविषयक कायदा यावा लागला.

भारतातील व्याख्या

भारतात हा संदेह विधिमंडळाने व्याख्या देऊन मिटविला. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ यात ‘मंथ’ म्हणजे ब्रिटिश कालगणनेप्रमाणे मोजावयाचा महिना, अशी व्याख्या आहे. मुंबई इलाख्यासाठी झालेल्या १९०४ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातही तीच व्याख्या आहे. त्यामुळे संदर्भावरून निराळा अर्थ निघत नसेल तर केंद्राच्या व राज्याच्या अधिनियमांत ‘महिना’ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या गणनेतील महिना, असे समजावयाचे असते.

येथे ‘ब्रिटिश कालगणना’ या शब्दाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी याने सुधारलेले पंचांग ब्रिटनने १७५२ मध्ये स्वीकारले; त्या वर्षी तेथे २ सप्टेंबरनंतरचा दिवस १४ सप्टेंबर म्हणून मोजला गेला. आपल्या कार्यालयांतील भिंतीवर टांगलेली दिनदर्शिका याच गणनेची आहे. भारताने २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय दिनांकासाठी शक कालगणनाही स्वीकारली आहे. तथापि अधिनियमातील ‘महिना’ मोजताना वरील व्याख्याच लागू होते.

गावपातळीवर ही बाब विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. ग्रामीण बोलण्यात ‘आषाढात दिले, दोन महिन्यांनी घेतो’ अशी भाषा सहज येते. महाराष्ट्रात महिना अमावास्येस संपतो. उत्तर भारतात तो पौर्णिमेस संपतो. त्यामुळे दोन ठिकाणचे श्रावण एका पंधरवड्याच्या अंतराने सुरू होतात. त्यात अधिक मास आला तर हिशेब आणखी बदलतो. परस्परांच्या विश्वासावर चाललेल्या व्यवहारास हे चालते. लेखी करारात मात्र तारीख घालणे हाच सुरक्षित मार्ग होय.

तारखेस तारीख

महिना पंचांगाचा, हे ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो. मुदत महिन्याच्या मध्येच सुरू झाली तर ती कोठे संपते? याचे उत्तर ‘तारखेस तारीख’ या सोप्या नियमात आहे. ज्या तारखेस घटना घडली, त्याच अंकाच्या पुढील महिन्यातील तारखेस एक महिना पूर्ण होतो. १२ जूनला मिळालेल्या नोटिशीची एक महिन्याची मुदत १२ जुलै रोजी संपते. जून तीस दिवसांचा की एकतीस, हे पाहावे लागत नाही. पुढील महिन्यात तो अंकच नसेल तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी मुदत संपते. ३१ जानेवारीपासूनचा एक महिना २८ फेब्रुवारीस, आणि लीप वर्षी २९ फेब्रुवारीस पुरा होतो.

हा नियम किती काटेकोरपणे पाळला जातो, याचे बोलके उदाहरण इंग्लंडमधील ‘डॉड्स विरुद्ध वॉकर’ या प्रकरणात मिळते. व्यवसायाच्या जागेच्या मालकाने भाडेकरूस ३० सप्टेंबर १९७८ रोजी नोटीस दिली. नव्या भाडेपट्ट्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्यास कायद्याने चार महिन्यांची मुदत होती. सप्टेंबरचा अखेरचा दिवस म्हणून जानेवारीचाही अखेरचा दिवस, असा हिशेब धरून अर्ज ३१ जानेवारी १९७९ रोजी दाखल झाला. १९८१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्‌सने निर्णय दिला की, मुदत ३० जानेवारीसच संपली होती. महिन्याची अखेर महत्त्वाची नव्हे, तारखेचा अंक महत्त्वाचा. एका दिवसाने अर्ज मुदतबाह्य ठरला.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ‘हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स’ या प्रकरणात हाच प्रश्न हाताळला. लवादाच्या निवाड्यास आव्हान देण्यासाठी १९९६ च्या अधिनियमात तीन महिने, आणि पुरेसे कारण असल्यास त्यानंतर आणखी तीस दिवस, अशी मुदत आहे. निवाडा राज्य शासनास १२ नोव्हेंबर २००७ रोजी मिळाला, असे न्यायालयाने धरले. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत, असे सांगून न्यायालयाने ती मुदत १२ फेब्रुवारी २००८ रोजी संपल्याचे ठरविले. पुढील तीस दिवस मात्र दिवसांनी मोजले आणि ते १३ मार्च २००८ रोजी संपले. शासनाचा अर्ज मुदतीत ठरला. एकाच तरतुदीत ‘महिने’ व ‘दिवस’ हे दोन्ही शब्द आले असता विधिमंडळास दोन निराळी मापे अभिप्रेत आहेत, हा या निर्णयाचा बोध होय.

‘मंथ’ आणि ‘डेज’

महाराष्ट्रातील नित्य व्यवहारातही ही दोन मापे शेजारी शेजारी आढळतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ पाहावी. वारसाहक्काने, खरेदीने किंवा अन्य प्रकारे जमिनीत हक्क संपादन करणाऱ्याने त्याची खबर तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावी, असे कलम १४९ सांगते. (तलाठी हे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे बदलले.) त्याच संहितेतील कलम २५० मध्ये अपिलाची मुदत मात्र दिवसांत दिली आहे. जिल्हाधिकाऱ्याहून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध साठ दिवस आणि अन्य बाबतीत नव्वद दिवस.

तीन महिने व नव्वद दिवस यांतील अंतर वर्षाच्या कोणत्या भागात मोजणी सुरू होते, यावर अवलंबून असते. १५ जूनपासूनचे तीन महिने १५ सप्टेंबरला पुरे होतात. नव्वद दिवस १३ सप्टेंबरलाच संपतात. उलट, लीप वर्ष नसताना ५ फेब्रुवारीपासूनचे तीन महिने ५ मेला संपतात आणि नव्वदावा दिवस ६ मे हा येतो. म्हणजे अपिलासाठी तीन महिने आहेत असे समजून चालणारा शेतकरी पावसाळ्यात दोन दिवस उशिरा पोहोचेल. तसेच नव्वद दिवसांना तीन महिने समजणारा लिपिक उन्हाळ्यात वेळेवर आलेले अपील मुदतबाह्य म्हणून परत करील. पहिल्या चुकीत नागरिकाचे नुकसान त्याच्या अज्ञानाने होते, दुसरीत कार्यालयाच्या.

जन्म-मृत्यू नोंदणीचे उदाहरण असेच आहे. १९६९ च्या अधिनियमानुसार नेहमीच्या मुदतीनंतर, परंतु घटनेपासून तीस दिवसांच्या आत आलेली खबर विलंब शुल्क घेऊन नोंदविता येते. तीस दिवस उलटले की वरिष्ठ प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची गरज पडते. लीप वर्ष नसताना २ फेब्रुवारीला जन्मलेल्या बालकाचे तीस दिवस ४ मार्चला पुरे होतात. नोंदणी करणाऱ्याने ‘तीस दिवस’ याचा अर्थ ‘एक महिना’ असा केला, तर तो २ मार्चलाच दार बंद करील आणि ३ किंवा ४ मार्चला आलेल्या पालकास विनाकारण परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतील.

पंचायत सदस्यांच्या बाबतीत उलटी चूक संभवते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ४० मध्ये पंचायतीच्या परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे पद रिकामे होण्याची तरतूद आहे. येथे शब्द महिन्यांचा आहे. समजा, मोजणी १० जुलैपासून करावयाची असेल, तर सहा महिने १० जानेवारीस पुरे होतात. हे १८४ दिवस होतात. सहा महिने म्हणजे १८० दिवस असा ढोबळ हिशेब केल्यास लोकांनी निवडून दिलेल्या सदस्याचे पद चार दिवस आधीच गेल्याचे ठरेल. पद जाण्यासारखी गंभीर बाब अशा अंदाजावर सोपविता येत नाही.

पहिला दिवस आणि शेवटचा दिवस

मुदत महिन्यांत असो वा दिवसांत, दोन टोकांचे दिवस कसे धरावेत, हेही वाक्खंड अधिनियमाने सांगितले आहे. ‘फ्रॉम’, म्हणजे ‘पासून’, हा शब्द वापरला असता ज्या दिवसापासून मोजावयाचे तो दिवस वगळला जातो. ‘टू’, म्हणजे ‘पर्यंत’, हा शब्द वापरला असता शेवटचा दिवस धरला जातो. वरील सर्व उदाहरणे याच पद्धतीने मोजली आहेत. शिवाय, एखादी कृती न्यायालयात किंवा कार्यालयात विहित मुदतीत करावयाची असून शेवटच्या दिवशी ते बंद असेल, तर ते उघडेल त्या पुढील दिवशी केलेली कृती मुदतीत केली, असे मानले जाते. न्यायालयीन दावे व अपिले यांना लागू असणाऱ्या १९६३ च्या मुदत अधिनियमातही या स्वरूपाच्या तरतुदी आहेत. सुटीच्या दुसऱ्या दिवशी आलेला अर्ज केवळ तारीख पाहून परत करणे म्हणूनच गैर ठरते.

वाक्यातील उपयोग

‘मंथ’ या शब्दाभोवती येणारी लहान इंग्रजी अव्ययेही अर्थ बदलतात. ‘विदिन अ मंथ’ म्हणजे एक महिन्याच्या आत; येथे मुदत ही कमाल मर्यादा आहे. ‘इन अ मंथ’ याचा बोलण्यातील अर्थ महिन्याच्या आत असाही होतो व महिन्याने असाही होतो. आदेशात तो वापरू नये. ‘नॉट लेस दॅन अ मंथ’ म्हणजे किमान एक महिना. येथे दुसऱ्या व्यक्तीस तेवढा अवकाश मिळावा हा हेतू असतो, म्हणून तो पुरता मिळाल्याखेरीज पुढील कारवाई करू नये. ‘क्लिअर’ हा शब्द दिवसांपूर्वी आला असेल तर नोटिशीचा व सभेचा असे दोन्ही दिवस सोडून मधले दिवस मोजावेत. ‘बाय’ या शब्दाने अखेरची तारीख कळते, तर ‘टिल’मध्ये ती तारीख धरली आहे की नाही याबद्दल वाद होऊ शकतो, त्यावर ‘दोन्ही दिवस धरून’ हे मराठी शब्द हाच उत्तम उपाय आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस आणखी एक बाब समजावून द्यावी. ‘मंथ’ संख्येनंतर नाम म्हणून येतो तेव्हा अनेकवचनी होतो; ‘द कोर्स लास्ट्स थ्री मंथ्स’. तोच दुसऱ्या नामाचे विशेषण झाला की एकवचनी राहतो. ‘अ थ्री-मंथ कोर्स’. तसेच महिन्याच्या नावापूर्वी ‘इन’ आणि तारखेपूर्वी ‘ऑन’ येते. ‘इन जून’, परंतु ‘ऑन द फिफ्थ ऑफ जून’.

‘मंथ’च्या आजूबाजूच्या शब्दांतही सावध राहावे लागते. ‘फोर्टनाइट’ हा शब्द ‘चौदा रात्री’ यापासून बनला आहे. म्हणून तो चौदा दिवसांचा. आपण त्यास पंधरवडा म्हणतो आणि पंधरवडा हा शब्दच पंधरा सांगतो. ‘बायमंथली’चे अर्थ तर परस्परविरोधी आहेत, महिन्यातून दोनदा असाही आणि दोन महिन्यांतून एकदा असाही. रिझर्व्ह बँक आपल्या पतधोरणास ‘बायमंथली’ म्हणते तेव्हा ते दोन महिन्यांतून एकदा असे असते. मराठीत ‘पाक्षिक’ आणि ‘द्वैमासिक’ असे दोन स्वच्छ शब्द उपलब्ध आहेत. येथे मराठी इंग्रजीपेक्षा अधिक नेमकी आहे.

मसुदा लिहिताना

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नंतर राज्याचा कारभार मराठीतून चालविण्याची जबाबदारी शासनयंत्रणेवर आली. इंग्रजी तरतुदीचा आशय मराठी पत्रात उतरविताना सर्वाधिक घसरण अशा सोप्या शब्दांवर होते. ‘थर्टी डेज’चे ‘एक महिना’ होते, ‘सिक्स मंथ्स’चे ‘१८० दिवस’ होते, आणि ‘विदिन अ मंथ’चे ‘महिनाभरात’ होते. ‘महिनाभरात’, ‘महिना-पंधरा दिवसांत’ हे बोलीतील शब्द अंदाजाचे आहेत. घरगुती बोलण्यात त्यांची गोडी आहे. नोटिशीत त्यांना जागा नाही.

यावर उपाय साधे आहेत. मूळ अधिनियमात महिने असतील तेथे महिनेच लिहावेत, दिवस असतील तेथे दिवसच. मुदत कोणत्या घटनेपासून मोजावयाची, आदेशाच्या तारखेपासून की तो मिळाल्याच्या तारखेपासून, हे मूळ तरतूद पाहून स्पष्ट लिहावे. टपालाच्या पोचपावतीवरील तारीख जपून ठेवावी, कारण पुष्कळदा सारा हिशेब तिच्यावर उभा असतो. आणि शक्य असेल तेथे मुदतीच्या जोडीस अखेरची तारीखही द्यावी.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली उत्तर देताना अपिलाची मुदत कळवावी लागते. ती तीस दिवसांची आहे, महिन्याची नव्हे. उत्तरात ‘हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत’ असे लिहिल्याने कार्यालयाचे काम वाढत नाही. अर्जदारास मात्र आपला हक्क कोठवर आहे हे निश्चित कळते. ज्या नागरिकाच्या हाती ते पत्र पडते, त्याच्यापाशी बहुधा वकील नसतो, अधिनियमाची प्रत नसते. पत्रातील शब्द हाच त्याचा आधार असतो. ‘तीस दिवस’ आणि ‘एक महिना’ यांपैकी योग्य तो शब्द तेथे पडला, तर तो नागरिक योग्य दिवशी योग्य दारी पोहोचेल.